काळ्या पाण्याचा गवंडी

"हाजर हाय, सूनबाई."

उंबऱ्याबाहेर उभे राहून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, मान खाली घालून बाबा हे म्हणायचे आणि तसेच उभे राहायचे. 'या' म्हटल्याशिवाय आत यायचे नाहीत, 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. पाणी दिलं तर भांडं हातात धरून विचारायचे, "पिऊ का?"

"अहो बाबा, प्यायलाच दिलंय," मी एकदा हसून म्हटलं, तर त्यांनी सगळं भांडं एका दमात रिकामं केलं. हुकूमच झाला म्हणायचा!

तुमच्याही चाळीत, आळीत असा एखादा माणूस असेल. कुणाचा कोण ते ठाऊक नसतं, पण सगळे त्याला ओळखतात. लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक अंधारी खोली होती, तिथे हे बाबा राहायचे. ऐंशीच्या घरातले असावेत. अंगाने वाळलेले, पण हाताचे पंजे मात्र थापीसारखे रुंद. मूळचे साताऱ्याकडचे. सगळं आयुष्य गवंडीकामात गेलेलं. चाळीतला कुठलाही गिलावा पडला की न सांगता बुजवून टाकायचे, आणि त्याबद्दल प्रत्येक घरातून आळीपाळीने त्यांना जेवण जायचं. एवढ्यावर त्यांचं चाललं होतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बाबा तरुणपणी काळ्या पाण्यावर होते. अंदमानात. पुरुषमाणसं हे आवाज खाली आणून, आदराने सांगायची. देशासाठी गेले असणार, दुसरं काय! बाबांना कुणी विचारलं नव्हतं आणि बाबांनी सांगितलं नव्हतं.

मी मुळात भित्री. कोकणातल्या लहान गावातून लग्न होऊन आले तेव्हा मला गिरणीच्या भोंग्याची भीती वाटायची, गच्च भरलेल्या रस्त्याची वाटायची, नळावरच्या भांडणांची तर फारच. आमचे हे गिरणीत कारकून. दुपारी मी एकटीच. एके दुपारी बाहेरून भिंतीवर टकटक ऐकू आली. दार उघडून पाहते तो एक म्हातारा भिंतीला कान लावून, बोटाच्या पेराने भिंत वाजवत उभा.

"हितं पोकळ हाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी दार धाडकन लावलं आणि कडी घातली. बाहेर काहीतरी खाली बसल्यासारखा आवाज झाला. मग शेजारच्या सावंतकाकूंची हाक आली, "काय केलंस गो? दार उघड आधी!"

बाबा गॅलरीत उकिडवे बसले होते. गुडघ्यांवर हात, हातांत डोकं. 

"त्यांच्या तोंडावर कडी घालू नको कधी," काकूंनी मला आत नेऊन सांगितलं. "लोखंडाचा आवाज झाला की त्यांचं असं होतं. बघ, थंडीतसुद्धा त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं असतं."

मला घाबरवणारा माणूस मलाच इतका घाबरला होता. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढे ते रोज दुपारी उंबऱ्याशी हजेरी द्यायला लागले. मी तांदूळ निवडायची, ते भिंतीकडे बघत बसायचे. बोलणं थोडंच. जेवताना ताटाभोवती डावा हात असा वळवून धरायचे, की कुणी पळवून नेईल. कावळ्यांना मात्र त्याच ताटातला घास घालायचे. चाळमालकाने एकदा गिलावा करायला नवा गवंडी आणला. बाबांनी त्याच्या कालवलेल्या मालात बोट घालून चाटून पाहिलं आणि थुंकले. "ह्यो चुना हाय का रांगोळी?" गवंडी शिव्या देत सुटला. तेवढ्यात खाली रस्त्यावर एका हवालदाराची टोपी दिसली, आणि बाबा आमच्या कपाटामागे जाऊन उभे राहिले. हवालदार आपला केळी घेत होता. केळी घेऊन तो गेला, तरी बाबा बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही दोघी खूप हसलो त्या दिवशी, मी आणि काकू.

मग ते हसणं थांबावं असे दिवस आले.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ऐकू यायला लागलं आणि गिरणगाव पेटलं. आमचे हे चळवळीच्या समितीच्या कामात ओढले गेले. घरात ठरायचे नाहीत. त्या थंडीत शहरात गोळीबार झाला. परळपासून गिरगावपर्यंत रस्ते दगडांनी भरले. संचारबंदी लागली. आमच्या खिडकीला चादर बांधली होती, तरी अश्रुधुराचा वास घरात यायचा आणि डोळे चुरचुरायचे. धाड धाड आवाज झाला की मी मोरीत जाऊन बसायची. माझ्या पोटात तेव्हा थोरला होता. कुठे कोण पडलं याच्या बातम्या गॅलरीतून पुढे पुढे सरकायच्या, आणि प्रत्येक बातमीत मला यांचा चेहरा दिसायचा.

त्या दिवसांत चाळीच्या समितीचे प्रमुख परबकाका यांनी एक बेत आखला. परबकाका हाडाचे कार्यकर्ते, मनाने चांगले, आवाज खणखणीत. लोक घाबरलेत, त्यांना धीर द्यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. संचारबंदी उठली की चाळीच्या अंगणात सभा घ्यायची आणि बाबांचा सत्कार करायचा. "देशासाठी काळं पाणी भोगलेला माणूस आमच्यात आहे. त्याच्या हातून सत्याग्रहींच्या तुकडीला हार घालायचे. बघा मग पोरं कशी तयार होतात!"

यांनाही ते पटलं. बाबांना सांगायला परबकाका स्वतः गेले. बाबा उभे राहून ऐकत होते म्हणे. काहीच बोलले नाहीत. परबकाकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दाराशी आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे बाहेरच होते. काकू खालच्या मजल्यावर गेल्या होत्या. मी विळीवर भाजी चिरत होते.

"हाजर हाय, सूनबाई."

"या बाबा. बसा."

ते बसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या मालकास्नी सांगा. त्यो हार मला नको."

"का? मान आहे तो तुमचा."

"म्या देशासाठी न्हाई गेलो." त्यांची नजर भिंतीवर होती. "मानूस मारला म्हनून गेलो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझा हात आपोआप गेला आणि विळी मी माझ्या मागे सारली. ती फरशीवर घासली गेली, त्याचा आवाज झाला. बाबांनी ते पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या तिकडंच," ते म्हणाले. "बरं केलंत."

आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर, ते खाली बसले आणि सांगू लागले. मी जागची हलले नाही. हलता येत नव्हतं म्हणा.

बांधावरून भांडण झालं होतं. समोरचा त्यांच्या भावकीतलाच, त्यांच्यापेक्षा थोडा मोठा. बायको होती त्याला, रांगतं पोर होतं. "हातात खुरपं व्हतं. म्या मारला. त्यो काय आधी आला न्हवता माझ्या अंगावर. म्याच गेलो." एवढंच. पुढे खटला, जन्मठेप, बोट. बोटीवर बाबा वीस वर्षांचे होते.

तिकडे त्या वेळी मोठा तुरुंग बांधायचं काम चाललं होतं. बांधणारे कैदीच. कुणी विटा भाजायचे, कुणी शिंपले जाळून चुना करायचे, कुणी डोक्यावरून वाहायचे. बाबांचा हात बरा पडतो म्हणून त्यांना भिंतीवर घेतलं. माणसं तापाने मरायची, त्यांची जागा दुसरी घ्यायची, भिंत चढत राहायची. एका बाजूच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या बाजूच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस म्हणून दिसू नये.

"आमास्नी ठावं व्हतं, कोंडायला बांधतोय त्ये. पन काम चांगलं व्हायाचं. वळंब्याच्या दोरीला भिंत सरळ आली की बरं वाटायचं बगा मनाला." हे सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर निवळला आणि लगेच पुन्हा ओढला गेला.

तुरुंग पुरा झाल्यावर कधीतरी त्यांच्याजवळ लपवलेली तंबाखू सापडली. शिक्षा म्हणून त्यांना कोठडीत टाकलं. ती भिंत त्यांच्याच हातची होती.

"दुसरी मानसं भिताडावर हात मारायची, सूनबाई. कुटं ढिली वीट घावंल म्हनून. त्येवढाच इरंगुळा. मला त्ये बी न्हाई. कुटंच पोकळ न्हाई ह्ये मला ठावं व्हतं."

मी इथे जरा पुढचं सांगते. पुष्कळ वर्षांनी, हे निवृत्त झाल्यावर, आम्ही दोघं एका सहलीबरोबर अंदमानला गेलो. तो तुरुंग आता राष्ट्रीय स्मारक आहे. हिरवळ राखलेली, फुलझाडं, संगमरवरावर स्वातंत्र्यवीरांची नावं. ती वाचताना माझेही हात जोडले गेले. मधल्या मनोऱ्याभोवतीच्या सात लांब बाजूंपैकी थोड्याच आता उभ्या आहेत, पण ज्या आहेत त्या अशा की काल बांधल्यासारख्या. वाटाड्या मुलगा चांगला बोलत होता. कुणाला कुठे ठेवलं, तेलाचा कोलू कसा फिरवावा लागे, सगळं. बांधकामाबद्दल एकच वाक्य म्हणाला, "हे सगळं कैद्यांकडूनच बांधून घेतलं." आणि आम्हाला मनोऱ्याकडे घेऊन गेला.

मी मागे राहिले. एका कोठडीत शिरले. उंचावर एक झरोका, बाकी भिंत. मी भिंतीला हात लावला. गार होती. सहलीतल्या एका गृहस्थाला गंमत सुचली. त्याने बाहेरून दार ओढलं आणि कडी सरकवली. ती कडी भिंतीत लांब आत जाते, आतल्या माणसाचा हात तिथवर पोचू नये म्हणून. "काकू, आता इथेच राहा!" तो हसत म्हणाला आणि निघून गेला असावा, कारण नंतर आवाज आला नाही. कुणाचाच नाही. बाहेर ती एवढी माणसं होती, लहान मुलं होती, आणि मला एकही ऐकू येईना. मी हाक मारली. माझाच आवाज मला नकोसा झाला. काही क्षणच असतील. यांनी येऊन दार उघडलं तेव्हा मी खाली बसले होते, उकिडवी, गुडघ्यांवर हात. ते बघून यांचा चेहरा असा झाला की त्या गृहस्थाला रागे भरायचंही यांच्याकडून राहून गेलं. आम्हाला दोघांना एकच माणूस आठवला होता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बाबा उठून गेले आणि मी विळी पुढे ओढून राहिलेली भाजी चिरली. चिरताना बोट कापलं.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. ते खाटेवर बसून राहिले.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. सभा ठरलीये. शेजारच्या चाळींतून माणसं येणार. आता मागे फिरलो तर लोक म्हणतील समिती घाबरली."

"पण ते खरं नाही ना."

"लोकांना धीर पाहिजे गं! एक दिवसापुरता. मग विसरतील सगळे." मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "मलाच धीर पाहिजे. त्या तुकडीत माझंही नाव आहे."

हे मला तोवर माहीत नव्हतं.

यांनी खाली जाऊन बाबांना समजावलं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. हार घालून घ्यायचा आणि पोरांना घालायचा. बाबांनी मान हलवली. हुकूम मोडायची सवयच नव्हती त्यांना.

संचारबंदी उठली तशी सभेला अंगण भरलं. गॅलऱ्यांतून बायका ओणवल्या होत्या. व्यायामशाळेतून आणलेल्या दोन बाकांचं व्यासपीठ. बाबांना कुणीतरी धुतलेला सदरा घातला होता. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती, आणि ती त्यांना दिसेल अशाच बाजूला त्यांना बसवलं होतं. मी वरून बघत होते. त्यांची नजर त्या गाडीवरून हलत नव्हती.

परबकाकांचं भाषण जोरात झालं. "ज्या हातांनी देशासाठी बेड्या वागवल्या" म्हणताच टाळ्यांचा कडकडाट. हार पडला. घोषणा झाल्या. यांच्यासह तुकडीतली माणसं पुढे येऊन रांगेत उभी राहिली. बाबांच्या हातात पहिला हार दिला. समोर आमचे हेच होते.

बाबांनी हार घातला नाही. तो त्यांनी बाकावर ठेवला. स्वतःच्या गळ्यातला काढून त्यावर ठेवला. मग हात मांड्यांना चिकटवून, मान खाली घालून, त्या गर्दीसमोर उभे राहिले. लोकांना वाटलं भाषण करणार. सगळे गप्प झाले.

"म्या देशासाठी न्हाई गेलो," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण कर्णा समोर होता. "म्या मानूस मारला. त्यो तुरुंग आमी बांधला. मागनं जे देशासाठी आले त्येंच्या कोठडीची भिताडं माझ्या हातची हायती. माझा हार ह्या पोरास्नी घालू नगा. ही पोरं चांगली हायती."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. परबकाकांनी कर्णा बंद केला. बाबा बाकावरून उतरले, आणि गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. वाट दिली असं नाही. अंगाला अंग लागू नये म्हणून सरकली. फाटकाशी एक आई आपल्या मुलाला पदराखाली ओढताना मी पाहिली.

रात्रीत चाळ बदलली. सकाळी जिन्याखालच्या खोलीसमोरून मुलं धावत जाऊ लागली. "खुनी माणूस बायकापोरांच्या चाळीत ठेवायचा म्हणजे काय!" परबकाका गॅलरीत म्हणत होते. त्यांचा राग खरा होता. साऱ्या गावासमोर त्यांचं हसं झालं होतं. सावंतकाकूंची पाळी होती, पण जेवण खाली गेलं नाही. "मला भीती वाटते गो," त्या रडत म्हणाल्या. "माझ्या लेकींना खेळवलंय त्याने. ते आठवून आता झोप लागत नाही."

त्या दिवशी तुकडी गेली आणि पकडली गेली. हे तुरुंगात गेले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. रोज एक नवी आवई. आत मारतात. लांबच्या तुरुंगात हलवणार. जामीन नाही. माझं पोट पुढे आलेलं आणि घरात मी एकटी. भेटीची परवानगी मिळाली तेव्हा बरोबर यायला कुणी नव्हतं. पुरुष आत होते किंवा लपलेले. काकूंना पोलिसांचं नाव काढलं की घाम फुटायचा. मी डबा भरला, लुगडं बदललं, आणि दाराशी येऊन उभी राहिले. जिना उतरायचं धाडस होईना.

"हाजर हाय, सूनबाई. म्या येतो."

"बाबा, तुरुंगावर जायचंय."

"ठावं हाय."

तुरुंग आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. तो रस्ता मी कधी विसरणार नाही. पोलीस दिसला की बाबा माझ्या पलीकडच्या बाजूला यायचे. मी एवढी अवघडलेली, पोटुशी बाई, आणि हा उंच माणूस माझ्या आड लपायचा. एरवी हसू आलं असतं. दोनदा ते थांबले, भिंतीला हात टेकून. मला वाटलं आता परत फिरतात. फिरले नाहीत.

फाटकासमोर भेटीला आलेल्यांची रांग होती. सगळे उभे. मोठ्या दरवाजातल्या लहान दिंडीचा अडसर आतून सरकला, तो आवाज झाला मात्र, बाबा रांगेत जागच्या जागी उकिडवे बसले. गुडघ्यांवर हात, मान खाली.

पहारेकरी हसला. "काय म्हाताऱ्या, कितीदा आत जाऊन आलास?"

"एकडाव, साहेब," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "पन लई येळ व्हतो."

रांगेतले लोक हसले. पहारेकऱ्याचं हसू मात्र मावळलं.

माझी पाळी आली. दिंडी इतकी बुटकी की वाकून जावं लागणार, आणि आत अंधार. माझे पाय तिथेच रुतले. आत गेले आणि बाहेर येता आलं नाही तर? खुळी शंका, पण तेव्हा ती खुळी वाटत नव्हती. मी मागे वळले.

"जा," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "भेटीला गेल्यालं मानूस परत येतं. दार उघडलं की म्या दिसंन. हितंच दिसंन. जा."

जाळीपलीकडे हे बसले होते. दाढी वाढलेली, पण धडधाकट. मी रडले, त्यांनी रागावल्यासारखं केलं. मग त्यांनी विचारलं, "एकटी आलीस इथवर?"

"नाही. बाबा आलेत."

"कुठे आहेत?"

"दाराशी."

हे दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. भेट संपल्याचं शिपायाने सांगितलं तेव्हाच त्यांनी हात काढले.

दिंडी उघडली. बाहेरच्या उन्हाने डोळे दिपले. बाबा बरोबर समोर, रस्त्याच्या मध्यावर उभे होते. एक हातगाडीवाला त्यांना बाजूला हो म्हणून ओरडत होता, शिव्या देत होता. ते हलले नव्हते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मी बाहेर पाऊल टाकल्यावर ते बाजूला झाले आणि गटाराशी जाऊन ओकले.

हे सुटून आले ते थेट जिन्याखालच्या खोलीत गेले. बराच वेळ बसले. काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर सावंतकाकूंनी जेवण पुन्हा सुरू केलं, पण ताट उंबऱ्यावर ठेवून त्या लगेच मागे फिरायच्या. परबकाका बाबांशी पुन्हा कधीच बोलले नाहीत. आमचा थोरला जन्मला तेव्हा बाबा बघायला आले आणि दाराबाहेर उभे राहूनच बघून गेले. मी 'या' म्हटलं, तरी आत आले नाहीत.

मग एके सकाळी म्हणाले, "गावाकडं जातो."

"कोण आहे तिथे?"

"त्येचं पोर हाय. तवा रांगत व्हतं, म्हातारं झालं आसंल आता." थोड्या वेळाने म्हणाले, "हितं येवढ्या लोकांम्होरं बोललो. ज्येंनी ऐकायचं, त्ये हितं न्हवते."

"ते तुम्हाला काही करतील, बाबा."

"करतील बी."

त्यांना भीती वाटत नव्हती असं समजू नका. यांनी त्यांना एस.टी.त बसवलं तेव्हा त्यांचे गुडघे इतके हलत होते की मांडीवरचं गाठोडं घरंगळून खाली पडलं. शेजारच्या बाईने ते उचलून दिलं. यांनी बाहेरून खिडकीशी उभं राहून म्हटलं, "उतरा बाबा, नका जाऊ." बाबांनी मान हलवली. एकदा उतरण्यासाठी उठलेही. मग परत बसले आणि पुढच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरून राहिले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी ते हात काढले नाहीत.

नंतर काही कळलं नाही. जिन्याखाली कुणीतरी सायकली ठेवायला लागलं. वर्षं गेली. मुंबईसह महाराष्ट्र झाला, लालबाग दिव्यांनी उजळलं, परबकाका रस्त्यात लोकांना मिठ्या मारत सुटले. त्या गडबडीत आम्ही मिरवणुकीला बाहेर पडत होतो, तेवढ्यात एक तरुण चाळीत आमचं घर विचारत आला. गिरणीत लागायला साताऱ्याकडून आलेला. आमच्या यांचं नाव त्याला बाबांनी सांगितलं होतं.

मी त्याला पाणी दिलं. तो न विचारता प्यायला.

"कुठे असतात बाबा?" यांनी विचारलं.

"गेलं की. औंदाच, शिमग्याच्या म्होरं." तो म्हणाला. "आमच्या गोठ्यात ऱ्हात व्हतं."

"तुमच्या म्हणजे?"

"माझ्या आज्याला मारल्यालं त्येंनी." त्याने भांडं खाली ठेवलं. "आलं त्या दिशी दारात हुबं ऱ्हाऊन सांगितलं सगळं. माझा बा कुऱ्हाड घिऊन उठला. त्ये पळालं न्हाईत, पन रडाय लागलं लहान पोरावानी. बा म्हनला, आसल्या भेदरल्याल्या मानसाला काय मारायचं. गोठ्यात जा म्हनला. माझी आय त्येंच्या हातात कदी कोयता द्यायची न्हाई. त्येंनी बी कदी मागितला न्हाई. गोठ्याचं भिताड पडल्यालं, त्ये बांधून दिलं."

खाली मिरवणुकीचा ताशा वाजत होता.

"शेवटी कोण होतं जवळ?" मी विचारलं.

"बा व्हता." तो तरुण जरा अवघडला. "भावकीतलं कुनी शिवंना. म्हनलं, खुनी हाय. मग बानं म्होरला खांदा दिला. मागला मी."

असं म्हणून त्याने उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून बराच वेळ बसला.